बसमध्ये बावीस जण होते

राष्ट्रीय फुटबॉल संघांतल्या भांडणांचा विषय निघाला की फ्रान्सची ‘ती बस’ कुणीतरी काढतोच. काढणाऱ्याचा सूरही ठरलेला असतो. गरीब वस्त्यांतून आलेली, एकदम कोट्यधीश झालेली, बरीचशी काळी आणि त्यात काही मुसलमान झालेली पोरे, त्यांना देशाच्या इज्जतीचे काय! गोष्ट तिथेच संपते. मला ती तिथे संपू द्यायची नाही.

आधी काय घडले ते पाहू. १७ जून २०१०. दक्षिण आफ्रिकेतल्या पोलोक्वानेमध्ये मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला निकोला आनेल्का आणि प्रशिक्षक रेमों दोमेनेक यांची ड्रेसिंग रूममध्ये खडाजंगी झाली. आनेल्काला बाहेर बसवले गेले आणि फ्रान्स ०-२ हरला. दोन दिवसांनी ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकाने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत एक घाणेरडी शिवी आनेल्काच्या तोंडी छापली. आपण असे बोललोच नाही, असे आनेल्का म्हणत राहिला. कोर्टात गेला, हरला. छापलेले शब्द तंतोतंत तसे नव्हते, हे पुढे दोमेनेकनेही सांगितले. पण महासंघाने त्याच दिवशी आनेल्काला घरी पाठवले होते. २० जूनला नायझ्ना गावातल्या मैदानावर कर्णधार पात्रिस एव्हरा आणि फिटनेस प्रशिक्षक यांची हमरीतुमरी झाली. खेळाडू सराव न करता बसमध्ये जाऊन बसले, पडदे ओढून घेतले. त्यांचे निषेधपत्र पत्रकारांना वाचून दाखवण्याची वेळ खुद्द दोमेनेकवर आली. दोन दिवसांनी दक्षिण आफ्रिकेकडून १-२ पराभव, गटात शेवटचा क्रमांक, एक गुण.

लाजिरवाणे होते यात वाद नाही. वर्ल्ड कपमध्ये सरावावर संप करणारा खेळाडू माझ्या सहानुभूतीला पात्र नाही, मग तो कलमा पढणारा असो की नसो.

पण असे का झाले, हे विचारले की उत्तर फार साधे निघते. दोमेनेकचा वारस म्हणून लोराँ ब्लाँची निवड स्पर्धा सुरू होण्याआधीच जाहीर झाली होती. जो महिन्याभरात जाणार आहे, त्याचा धाक कुणाला असतो? ज्येष्ठांना बाजूला सारून कर्णधाराची पट्टी एव्हराला दिली होती, ते विल्यम गालासला रुचले नव्हते. मधल्या फळीत कुणाभोवती खेळ रचायचा, यावरून रिबेरी आणि गुर्कुफ यांचे जमत नव्हते. संघ वर्ल्ड कपला पोहोचला होता तो तिएरी आँरीच्या हाताला लागलेल्या चेंडूवर. त्यामुळे घरी कौतुक कमी आणि कुचेष्टा जास्त होती. त्यात महागडे हॉटेल, ज्याच्या खर्चावर राज्यमंत्री रामा याद यांनीच बोट ठेवले होते. क्लबमध्ये खेळाडूला सामना संपला की घर असते. इथे तेवीस जण कित्येक आठवडे एका छताखाली, खेळणार अकरा, बाकीचे बाकावर कुढत बसणार. अशा ठिकाणी ठिणगी पडायला मजहब लागत नाही.

हे पटत नसेल तर आयर्लंडकडे पाहा. मे २००२. वर्ल्ड कपच्या तयारीसाठी आयरिश संघ सायपान बेटावर उतरला. मैदान दगडासारखे, सरावाचे साहित्य उशिरा पोहोचलेले. कर्णधार रॉय कीन भडकला, एका वर्तमानपत्राला सडेतोड मुलाखत दिली. प्रशिक्षक मिक मॅकार्थीने सगळ्या संघासमोर जाब विचारला, तेव्हा कीनने त्याला जे ऐकवले ते आनेल्काच्या तोंडी छापलेल्या वाक्यापेक्षा सौम्य नव्हते. कीन घरी परतला. सगळा आयर्लंड दोन गटांत फुटला, घराघरांत वाद झाले. पण त्या वादात कुणी कॅथलिक संस्कारांची झाडाझडती घेतली का? कीन ज्या कॉर्क शहरात वाढला, तिथल्या कामगार वस्त्यांवर संसदेत चर्चा झाली का? तीन वर्षांनी डब्लिनच्या रंगमंचावर या भांडणावर विनोदी संगीत नाटक आले आणि लोक पोट धरून हसले.

गुन्हा एकच, प्रशिक्षकाला शिव्या घातल्या आणि परत पाठवले गेले. एकाचे नाटक झाले, दुसऱ्याचा खटला. आणि हा खटला आनेल्कावर नव्हता, तो जिथे वाढला त्या सगळ्या वस्तीवर होता.

तत्त्वज्ञ म्हणून मिरवणारे आलाँ फिंकेलक्रोट या खटल्याचे सरकारी वकील. हा संघ नव्हे, माफियाची नीती पाळणारी गुंडांची टोळी आहे, असा निवाडा त्यांनी देऊन टाकला. पण याच गृहस्थांनी नोव्हेंबर २००५ मध्ये एका इस्रायली दैनिकाशी बोलताना फ्रेंच संघ आता काळाच काळा झाला आहे आणि युरोप त्याला हसतो आहे, असे म्हटले होते. तेव्हा ना बस होती ना संप. आठ महिन्यांनी तोच ‘हास्यास्पद’ संघ, याच दोमेनेकच्या हाताखाली, बर्लिनमध्ये वर्ल्ड कपची फायनल खेळत होता. म्हणजे निकाल आधीच लिहून ठेवलेला होता. नायझ्नाने फक्त तारीख पुरवली.

क्रीडामंत्री रोझलिन बाशलो यांनी संसदेत घाबरलेल्या पोरांवर हुकूम गाजवणाऱ्या अपरिपक्व ‘काईद’ मंडळींचा उल्लेख केला. हा शब्द आपल्या कानाला परका नाही. अरबीतला ‘कायद’, म्हणजे पुढारी. वसाहतीच्या काळात अल्जीरियातून तो फ्रेंचमध्ये गेला आणि आज त्याचा अर्थ गल्लीतला दादा. देशाच्या मंत्र्याला फुटबॉल खेळाडूंवर रागवायला हाच शब्द सापडावा, यात बरेच काही आले.

आता बसमध्ये कोण होते ते मोजू. आनेल्का गेल्यावर उरलेले बावीस. त्यांत उगो लोरिस होता, जेरेमी तुलालाँ होता, योआन गुर्कुफ होता. रिबेरी मुसलमान झालेला खरा, पण तो बुलोन-सुर-मेरचा गोरा पोरगा. महासंघाने शिक्षा केल्या त्यात आनेल्काला अठरा सामने, एव्हराला पाच, रिबेरीला तीन आणि तुलालाँलाही एक. माध्यमांनी ज्याला सुसंस्कृत घरचा सज्जन मुलगा म्हणून रिबेरीसमोर उभे केले होते, त्या गुर्कुफला शेवटच्या सामन्यात पंचविसाव्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले. ब्रिटनी प्रांताच्या संस्कारांची चौकशी कुणी लावली नाही. लावू नयेच. आणि लोरिसने आठ वर्षांनी मॉस्कोत कर्णधार म्हणून वर्ल्ड कप उंचावला, तेव्हा त्या बसची आठवण काढून त्याची देशनिष्ठा कुणी तपासली नाही. तेही योग्यच.

दुसरीकडे नेदरलँड्स. १९९६ च्या युरो स्पर्धेत एडगर डेव्हिड्सने प्रशिक्षक गुस हिडिंकबद्दल अश्लील टिप्पणी केली, त्याला घरी पाठवले. मग एक छायाचित्र गाजले, जेवणाच्या वेळी काळे खेळाडू एका टेबलावर, गोरे दुसऱ्या. झाले, वंशयुद्ध! पुढे चर्चेत जे आले ते पगाराचे पत्रक होते. आयाक्स क्लबमध्ये सुरिनामी वंशाच्या तरुण खेळाडूंना गोऱ्या ज्येष्ठांपेक्षा बराच कमी मोबदला मिळत होता. रंगाचा भाग त्यात होता, पण तो टेबलावर नव्हता, पाकिटात होता. हिडिंकने डेव्हिड्सला परत घेतले. १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये युगोस्लाव्हियाविरुद्ध अखेरच्या क्षणी गोल करून त्यानेच संघाला पुढे नेले.

फ्रान्समध्ये मात्र गोष्ट मुलांपर्यंत गेली. नायझ्नानंतर पाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये महासंघाच्या एका बैठकीत प्रशिक्षण केंद्रांतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांमध्ये दुहेरी नागरिकत्वाच्या मुलांवर टक्केवारीची मर्यादा घालावी का, यावर चर्चा झाली. इथे शिकून ती दुसऱ्या देशाकडून खेळतात, ही तक्रार. एप्रिल २०११ मध्ये ‘मीडियापार’ने ते उघड केले. चौकशीत ब्लाँवर ठपका आला नाही, मर्यादाही लागू झाली नाही. पण बसमध्ये नसलेल्या, तेव्हा शाळेत असलेल्या पोरांची टक्केवारी टेबलावर आली होती.

आपल्याला हे ओळखीचे वाटावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईच्या वसीम जाफरने उत्तराखंडच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिला. कारण निवडीतला हस्तक्षेप. मतभेद होते ते संघनिवडीचे, आरोप मात्र आला तो मुस्लिम खेळाडूंना झुकते माप दिल्याचा आणि मौलवी बोलावल्याचा. कर्णधार म्हणून आपण जय बिस्टाचे नाव सुचवले होते, हे त्या बिचाऱ्याला पत्रकार परिषदेत सांगत बसावे लागले.

इथपर्यंत आपली मंडळी माना डोलावतील. आता पुढचे ऐका.

१९९८ मध्ये झिदानच्या दोन गोलांनी फ्रान्स जिंकला, त्याचा चेहरा आर्क द त्रिओम्फवर झळकला. काळे, गोरे, अरब एकत्र आले म्हणून जिंकलो, असे सगळे म्हणू लागले. ऐकायला गोड होते. पण जिंकण्याचे श्रेय वंशाला दिले की हरण्याचे बिलही त्याच पत्त्यावर येते. २०१८ मध्ये आपल्या मोहल्ल्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांनी दुसरे काय केले? संघात मुसलमान किती, हे मोजून फॉरवर्ड फिरवले. फिंकेलक्रोट ज्या वहीत जमाखर्च लिहितात, त्याच वहीत आपण उलट्या बाजूने लिहीत होतो.

आणि करीम बेन्झेमा. तो २०१६ आणि २०१८ च्या संघात नव्हता, म्हणून आपण ठरवले की मुसलमान असल्याने डावलला. प्रशिक्षक देशाँ वंशवाद्यांच्या दबावाला झुकले, असे तोही म्हणाला. फ्रान्समध्ये असा दबाव नाही, असे मी म्हणणार नाही. पण मूळ प्रकरण संघातल्याच एका सहकाऱ्याचे होते. मॅथ्यू वाल्बुएनाला एका खासगी चित्रफितीवरून ब्लॅकमेल केले जात होते आणि त्यात बेन्झेमाचा हात असल्याचा आरोप होता. तक्रारदार तो होता, झळ त्याला बसली होती. फ्रान्सच्या संघातली त्याची जागाही त्या प्रकरणानंतर गेली ती गेलीच. बेन्झेमाला देशाँनी २०२१ मध्ये परत बोलावले. हा वाल्बुएनाही नायझ्नाच्या त्या बसमध्ये होता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये कोर्टाने बेन्झेमाला दोषी ठरवले, एक वर्षाची स्थगित कैद आणि ७५ हजार युरो दंड. पुढच्या वर्षी त्याने अपील मागे घेतले. आमच्या ग्रुपवर त्या निकालाचा एकही मेसेज आला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला बॅलन डी’ऑर मिळाला तेव्हा मात्र रात्रभर माशाअल्लाह चालू होते. मीही टाळ्या वाजवल्या, खेळाडू त्या लायकीचाच आहे. वाल्बुएना आता कुठे खेळतो, असे मी सहज विचारले. कोण वाल्बुएना, असे उलट उत्तर आले.