बुरशीआधी ओल शोधा

सोलापूर अवर्षणप्रवण, म्हणून इथल्या घरांना बुरशीचे भय नाही, हा समज खोटा आहे. बुरशीला पावसाळा लागत नाही, ओली भिंत पुरते. आणि गळका नळ, न्हाणीघर किंवा पायातून चढणारी ओल भिंत वर्षभर ओली ठेवते. जुन्या दगडमातीच्या वाड्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, की चुन्यातून सहज बाहेर पडणारी ओल आतच कोंडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच घरातली ओल आणि दमा यांचा संबंध मांडला. तरी आपण दिवाळीला रंग मारून मोकळे! बुरशीची व्यावसायिक सफाई महाग पडते, हा आक्षेप रास्तच. पण गळती न शोधता मारलेला बुरशीनाशक फवारा दरवर्षी पुन्हा मारावा लागतो, म्हणजे तो जास्त महाग. पाणी कुठून येते, हे आधी न सांगणाऱ्याला काम देऊच नये.