घरी सोडल्यानंतरचे पहिले आठवडे

मनोरुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाचे नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. "तिथे तो सुरक्षित आहे ना?" हा पहिला. "आता घरी सोडले, म्हणजे धोका टळला ना?" हा दुसरा. मी मनोविकारतज्ज्ञ नाही; तापखोकल्याची औषधे देणारा कुटुंबाचा डॉक्टर आहे. पण तज्ज्ञांच्या दोन भेटींच्या मधल्या काळात ही कुटुंबे रक्तदाब मोजून घ्यायला, झोपेची गोळी मागायला आमच्याचकडे येतात आणि त्यांचे प्रश्नही सोबत आणतात.

दोन्ही प्रश्नांना निःशंक 'हो' म्हणता येत नाही. रुग्णालयातील देखरेखीमुळे आत्मघाताची संधी कमी होते, परंतु मनातील वेदना केवळ देखरेखीने ओसरत नाही. दाखल झाल्यानंतरचे पहिले काही दिवस, घरी जाण्याची रजा, वॉर्ड बदलणे, विश्वासातील डॉक्टर किंवा परिचारिका बदलून जाणे, हे सारे नाजूक टप्पे असतात. आणि सर्वांत नाजूक टप्पा म्हणजे घरी परतल्यानंतरचे पहिले तीन महिने. त्यातही पहिले एकदोन आठवडे. आपण पेढे वाटतो ते नेमके याच काळात. कारण उघड आहे. औषधांनी लक्षणे निवळतात. पण सुटलेली नोकरी, थकलेले कर्जाचे हप्ते, मोडलेले लग्न आणि शेजाऱ्यांच्या नजरा उंबरठ्यावर तशाच वाट पाहत असतात.

मग धोका नेमका कोणाला आहे, हे आधीच ओळखता येत नाही का? अमेरिकेतील अ‍ॅलेक्स पोकॉर्नी या मनोविकारतज्ज्ञांनी हा प्रश्न फार चिकाटीने तपासला. माजी सैनिकांच्या रुग्णालयातील मनोविकार विभागात दाखल झालेल्या ४,८०० रुग्णांची त्यांनी कसून तपासणी केली आणि पुढे काही वर्षे त्यांचा मागोवा घेतला. १९८३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष नम्र करणारे होते. त्या काळात ६७ जणांनी आत्महत्या केली होती. 'अधिक धोका' असे ज्यांच्याबाबत म्हणता येत होते त्या ८०३ जणांमध्ये यांपैकी ३० होते. उरलेले ३७ जण 'अधिक धोका नाही' अशा मोठ्या गटातील होते. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वेही आता सांगतात, की गुणांकनाच्या तक्त्यांवरून भाकीत करू नये.

याचा अर्थ काहीच ओळखता येत नाही, असा नव्हे. फायलीवरचा 'धोका कमी' हा शेरा त्या दिवसापुरता असतो, एवढाच त्याचा अर्थ. ओळखायचे असते ते कालच्या आणि आजच्या माणसातील अंतर, आणि ते डॉक्टरांपेक्षा घरच्यांना आधी दिसते. झोप पुन्हा उडाली आहे. एका जागी बसवत नाही, येरझारा सुरू आहेत. 'माझ्यामुळे तुम्हाला किती त्रास', 'मी नसतो तर बरे झाले असते' अशी वाक्ये वारंवार येतात. 'मर' असे सांगणारे आवाज ऐकू येतात. दारू पुन्हा सुरू झाली आहे. यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

अचानक आलेल्या शांततेविषयी बरेच बोलले जाते. रुग्ण हसला म्हणून धसका घेण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा तो खरोखरच बरा होत असतो. परंतु कालपर्यंत तळमळणारा माणूस काही विशेष न घडता निश्चिंत दिसू लागला आणि त्याच वेळी देणीघेणी मिटवू लागला, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटू लागला, तर ते परिचारिकेला किंवा डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

एक गोष्ट मात्र क्वचितच बोलली जाते. स्किझोफ्रेनियाचा पहिला झटका ओसरलेला विशी-पंचविशीतील हुशार मुलगा. भास थांबतात, संशय निवळतो, आणि घरचे आनंदाने म्हणतात, "आता त्याला समज आली." समज येते म्हणजे काय काय येते, याचा विचार आपण करत नाही. वर्ष वाया गेले, मित्र पुढे निघून गेले, गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतील, हे सारे त्याला एकाच वेळी दिसू लागते. बाहेरून सुधारणा दिसत असताना आतून निराशा दाटते. अशा मुलाला त्या दिवसांत 'आता कामाला लाग' म्हणण्याची घाई करू नये.

"विषय काढला तर नको ते त्याच्या डोक्यात भरेल," ही भीती सार्वत्रिक आहे आणि निराधार आहे. विचारल्याने धोका वाढत नाही. शांतपणे, सरळ शब्दांत विचारावे: "जगणे नकोसे वाटते का? जिवाचे काही बरेवाईट करून घ्यावे, असे मनात येते का?" उत्तर 'हो' आले, तर उपदेश न करता ऐकावे आणि त्याला एकटे सोडू नये. आपल्याकडे अशा वेळी आईच्या गळ्याची शपथ घालण्याची पद्धत आहे. कृपा करून ती घालू नका. शपथेने कोणाचे रक्षण होते असा पुरावा नाही. पुढच्या वेळी विचार आला, तर तो शपथेच्या ओझ्याने लपवला जातो, एवढेच. 'कोणाला सांगणार नाही' असे वचनही देऊ नका. भेटीच्या वेळी तो जे बोलला ते वॉर्डात सांगणे, ही चुगली नव्हे.

पूर्वी कधी आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल, तर तो डॉक्टरांपासून लपवू नये. ती माहिती फार मोलाची असते. पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे ती दडवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील कलम ११५ नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिला शिक्षा नव्हे तर उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

घरी सोडताना पुढील भेटीची तारीख लिहून घ्यावी आणि ती शक्यतो आठवड्याच्या आतली मागावी. रात्री-अपरात्री कोठे जायचे, हेही विचारून ठेवावे. गोळ्या घरातील एका जबाबदार व्यक्तीने स्वतःकडे ठेवाव्यात आणि थोड्या दिवसांच्याच आणाव्यात. शेतकरी कुटुंबांनी कीटकनाशके घरात मुळीच ठेवू नयेत. लिथियम किंवा क्लोझापीन सुरू असेल, तर 'आता बरे आहे' म्हणून मनाने बंद करू नये. आत्महत्येचा धोका कमी करण्यात या औषधांचा मोठा वाटा आहे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पंचविशीच्या आतील रुग्णांवर सुरुवातीला आणि मात्रा बदलताना विशेष लक्ष ठेवावे.

दूरच्या नातलगांनाही करण्यासारखे काही आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील डॉ. जेरोम मोटो यांनी, रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढील उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे दोन गट पाडले. एका गटाला पाच वर्षे अधूनमधून चार ओळींचे पत्र जाई: तुमची आठवण आहे, ठीक असाल अशी आशा आहे, वाटल्यास लिहा. मागणी नाही, सल्ला नाही. पहिल्या दोन वर्षांत त्या गटातील आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी राहिले. आज पत्राऐवजी मोबाइलवरचा निरोपही चालेल. फक्त त्यात 'गोळ्या घेतल्यास ना?' हा प्रश्न नसावा.

तातडीच्या वेळी रुग्णाला एकटे न ठेवता जवळच्या रुग्णालयात न्यावे. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. तेथे मराठीतून बोलता येते, आणि रुग्णाप्रमाणेच त्याच्या घरच्यांनाही.