अदलाबदल करा, पण आधी विचारा



नोव्हेंबर २०२५ मध्ये आयपीएलच्या संघांनी खेळाडूंची अदलाबदल केली. लखनऊचा शार्दुल ठाकूर दोन कोटींना मुंबईकडे आला, मुंबईचा अर्जुन तेंडुलकर तीस लाखांना लखनऊकडे गेला. कागदोपत्री हे दोन वेगळे व्यवहार. पण मुलांच्या भाषेत ‘अर्जुन दिला, शार्दुल घेतला’. त्याच आठवड्यात राजस्थानने संजू सॅमसन चेन्नईला दिला आणि बदल्यात रवींद्र जडेजा व सॅम करन असे दोघे घेतले.

चार दिवसांत हे सगळं आमच्या शाळेच्या मैदानावर आलं. मधल्या सुट्टीत सहावीतला एक कॅप्टन दुसऱ्याला म्हणाला, “तुझा बॉलर दे, माझे दोन घे.” त्या दोघांतला एक म्हणजे भाजीवर फुकट दिलेली कोथिंबीर! तो काही बोलला नाही. गुपचूप वर्गात जाऊन बसला. मी बघत होतो, पण मध्ये पडलो नाही. ती माझी चूक.

अदलाबदल वाईट असते असं माझं म्हणणं नाही. मुंबईकडून अर्जुनला मोजून पाच सामने मिळाले होते. नव्या संघात जास्त संधी मिळाली तर चांगलंच. पालघरचा शार्दुल तर घराजवळच आला.

आपल्याला आपसी बदली माहीतच आहे. समजा, शिरूरच्या शाळेतल्या शिक्षकाचं घर दौंडला आणि दौंडच्या शाळेतल्या बाईंचं शिरूरला. मध्ये भीमा नदी आणि रोजचा प्रवास. दोघांनी अर्ज केला, बदली झाली, दोन्ही घरं सुखी. हे जमतं, कारण अर्जावर दोघांच्या सह्या असतात. आयपीएलमध्येही अशा व्यवहाराला खेळाडूची संमती लागते. पण टीव्हीवर कोटींचा आकडा मोठा दिसतो, संमती दिसत नाही. मुलं जे दिसतं तेच शिकतात.

आणि आपण मोठे तरी काय करतो? तालुका स्पर्धा जवळ आल्या की चांगला चढाई करणारा पोरगा या शाळेतून त्या शाळेत नेण्याच्या गोष्टी सुरू होतात. मार्कांसाठीही तेच. दाखला काढून होतो, नवीन गणवेश शिवून होतो. आणि ज्याला जायचंय त्याला शेवटी कळतं. त्याचे मित्र, त्याचे सर, त्याचा बाक, याचा हिशोब कुणी करायचा?

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर एकच नियम केला. कुणालाही दुसऱ्या संघात द्यायचं तर आधी त्यालाच विचारायचं, “तुला जायचंय का?” नाही म्हणाला तर विषय संपला.

त्या मुलालाही विचारलं. तो म्हणाला, “जातो की सर! पण पहिली ओव्हर मला पाहिजे.”

मिळाली त्याला. तुमच्या मैदानावर आणि घरातही हा नियम करून बघा.