चाळपेठेची वाट

विरार स्थानकाच्या पश्चिमेस उतरलेला यात्रेकरू बोळींजमार्गे पाच-सहा किलोमीटर जातो आणि आगाशीस पोहोचतो. श्री मुनिसुव्रतस्वामींच्या तीर्थाचा पत्ता लिहिताना गावाच्या नावाआधी ‘चाळपेठ’ हा शब्द येतो. पत्त्यात पेठ टिकली आहे. अनेकांच्या यात्रेतून मात्र ती गळाली आहे. संघाची बस मंदिराच्या दाराशी थांबते. दर्शन, पूजा, भोजनशाळा झाली की तीच बस अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे किंवा मुंबईकडे वळते. ज्या रस्त्याच्या नावाने तीर्थ ओळखले जाते, त्या रस्त्यावर पाऊल पडतच नाही.

वास्तविक या भागात धर्म आणि व्यापार एकाच धक्क्यावर उतरले. शेजारचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले; अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही याच गावी सापडला. ही इतिहासाची साक्ष झाली. जैन परंपरेची साक्ष व्यापाऱ्यास अधिक जवळची वाटावी. बारा वर्षांच्या दुष्काळात सोपाऱ्याच्या जिनदत्त श्रेष्ठींच्या घरी लक्ष मोलाचा भात शिजला होता, आणि त्यात विष कालवून सर्व कुटुंबाने एकदमच जगाचा निरोप घ्यावा, या विचाराप्रत पत्नी ईश्वरी आली होती. त्याच वेळी आर्य वज्रसेन गोचरीस आले. लक्ष मोलाची भिक्षा मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल, असे त्यांच्या गुरूंनी, वज्रस्वामींनी सांगून ठेवले होते. त्यांनी ईश्वरीस थांबविले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली गलबते बंदरास लागली. पुढे नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर या चार पुत्रांनी दीक्षा घेतली आणि त्यांच्या नावांनी चार कुळे चालली.

ही कथा व्याख्यानात बहुधा गुरुवचनाच्या महिम्यासाठी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात हिशेबाचीही एक बाजू आहे. श्रेष्ठींच्या घरी पैसा होता. बाजारात धान्य नव्हते. लाख मोजून एका हंडीपुरता भात मिळाला. पेठेत माल येईनासा झाला की तिजोरी किती निरुपयोगी ठरते, हे सोपाऱ्यात तिजोरीवाल्या घरालाच कळले.

आगाशीच्या तीर्थाच्या मुळाशीही गलबतच आहे. मुंबईचे विख्यात व्यापारी आणि जहाजमालक मोतीशा शेठ (१७८२–१८३६) यांचे जहाज या किनाऱ्याशी अडले, त्यांनी संकल्प केला आणि जहाज सुटल्यावर येथे मंदिर बांधविले, अशी श्रद्धा आहे. मुनिसुव्रतस्वामींची प्रतिमा सोपाऱ्याच्या तलावातून मिळाल्याचे सांगतात. त्या काळी आगाशी हे समुद्राकडे तोंड करून बसलेले गाव होते. मग १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत गाडी धावू लागली आणि मालाचे तोंड हळूहळू खाडीकडून स्थानकाकडे वळले. गलबते गेली, तरी यात्रेकरूंची पावले पेठेत पडत राहिली. आता मोटारीने तीही वळविली आहेत.

मोत्यांच्या व्यापारानिमित्त जपानशी संबंध आलेल्या कुटुंबांना कोबेचे १९८५ मधील जैन मंदिर परिचित आहे. याच होन्शू बेटावर टोकियोत आसाकुसा येथे सेन्सो-जी हे बौद्ध मंदिर आहे. त्याच्या पहिल्या भव्य दारापासून आतल्या दारापर्यंत सुमारे अडीचशे मीटरांची नाकामिसे नावाची पेठ आहे. दोन्ही बाजूंस मिळून नव्वदएक लहान दुकाने; पंखे, खेळणी, गरम गोड पदार्थ, तांदळाच्या कुरकुरीत वड्या. भाविक या गर्दीतून पायी जातात आणि मगच मुख्य मंदिर येते. परिसराची झाडलोट करणाऱ्या रहिवाशांना त्या सेवेच्या बदल्यात दुकाने थाटण्याची परवानगी मिळाली, असा या पेठेचा जुना इतिहास सांगतात. मंदिराने पेठेस गिऱ्हाईक दिले, पेठेने मंदिराचे अंगण राखले. भाडेपट्टीच्या कागदापेक्षा हा व्यवहार पक्का निघाला.

आगाशीस अशी कमान उभारण्याची आवश्यकता नाही. बस दोनशे पावले अलीकडे थांबविली तरी पुरे आहे. हे काम ना नगरपालिकेचे, ना शासनाचे; यात्रेचा संघपती चालकास एका वाक्यात ते सांगू शकतो. व्यापारी समाजाला पाऊलवर्दळीचे मोल कोणी शिकवावे? ज्यांच्या स्वतःच्या दुकानापुढील रस्ता एकेरी झाला की सभा भरते, त्यांनीच दुसऱ्याच्या पेठेस वळसा घालून जावे, हे विसंगत दिसते.

पेठेत मागावयाचे तर सुकेळी मागावीत. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरातही आगाशीच्या सुक्या केळ्यांची वाखाणणी आहे. राजेळी जातीचे केळे पूर्ण पिकवायचे, सोलायचे, मांडवावर उन्हात पसरायचे, सायंकाळी गोळा करून झाकायचे आणि सकाळी पुन्हा पसरायचे. असे कित्येक दिवस चालले की मधाच्या रंगाचे, चिवट, गोड सुकेळे तयार होते. वरून साखर नाही. अनेक श्वेतांबर घरांत तिथीला हिरवी भाजी वर्ज्य आणि पिकलेले केळे ग्राह्य असते; त्या घरांना तर हा पदार्थ जणू योजूनच केल्यासारखा आहे. परंतु राजेळीच्या बागा इमारतींखाली गेल्या, उन्हात राबणारे हात कमी झाले आणि ही सुकेळी करणारी घरे थोडीच उरली. भाव ऐकून कित्येकजण खारकेशी तुलना करतात. खारीक जहाजाने पोत्यांनी येते. येथे प्रत्येक केळे रोज हाताने उलटावे लागते.

कार्तिक वद्य एकादशीस जवळच निर्मळची यात्रा भरते, तेव्हा सुकेळी हमखास दिसतात. एरवी पावसाळा सरल्यावर पेठेत विचारावे लागते. एका दुकानात नसली तर दुकानदार पुढचे घर सांगतो. विरारकडे परतणारी बस चाळपेठेच्या नाक्यावरही मिळते.