मेंदूची ढाल आणि आपला उशीर

‘थोडा वेळ पडू द्या, बरं वाटेल.’ तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला तरी अनेक घरांत हाच सल्ला दिला जातो. शरीर आपोआप सावरेल, हा त्यामागचा विश्वास. तो अगदीच निराधार नाही; पण पक्षाघातात तो महागात पडतो.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, प्राणवायूचा वापर मात्र सुमारे २० टक्के. त्यामुळे टंचाईची तयारी पेशींमध्येच असते. ‘एचआयएफ-१’ या प्रथिनाचा एक भाग पेशी सतत बनवत असतात. प्राणवायू पुरेसा असेल तर तो काही मिनिटांत नष्ट केला जातो. प्राणवायू घटला की तो टिकतो, पेशीच्या केंद्रकात जातो आणि संरक्षक जनुके चालू करतो. काही जनुके प्राणवायूशिवाय ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवून देतात, काही नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देतात. पेशींची ही यंत्रणा उलगडणाऱ्या ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना २०१९चे नोबेल मिळाले.

मग औषधाने हे प्रथिन वाढवले की झाले? तसे नाही. हेच प्रथिन पेशीला मृत्यूकडे नेणारी जनुकेही चालू करू शकते. शिवाय रक्तवाहिन्या पाझरू लागल्या तर मेंदूला सूज येते.

मुख्य अडचण वेळेची आहे. जनुक चालू होऊन पुरेसे प्रथिन तयार व्हायला तास लागतात. उलट, मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. मध्यभागातल्या पेशींना ढाल उचलायलाही सवड मिळत नाही. कडेच्या पेशी मात्र उपाशी असल्या तरी काही काळ तग धरतात. उपचार असतो तो त्यांना वाचवण्यासाठी.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन हवाच. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे बाहेरून कळत नाही. म्हणून तोंड वाकडे होणे, हातातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक घडले, तर घड्याळ पाहा, १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

पेशी आपल्यासाठी थोडा वेळ राखून ठेवतात. तो घरातल्या चर्चेत घालवण्याचा हक्क आपल्याला नाही.