मूठ सोडली की रेस बंद झालीच पाहिजे

दुचाकीच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपण हेल्मेट, ब्रेक आणि टायर यांच्यापाशी थांबतो. उजव्या हाताची मूठ सोडल्यावर आपोआप मागे येऊन इंजिन शांत होते का, हे कोणी विचारत नाही. सरकारनेही लक्ष दिले ते ब्रेककडे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना सीबीएस बंधनकारक झाले. निर्णय योग्यच होता. पण रेस अडकली की इंजिन चाकाला पुढे रेटत राहते आणि त्याच ब्रेकला त्याच्याशी झुंजावे लागते. म्हणून मुठीचे परत येणे हा ब्रेकच्या तोडीचा सुरक्षेचा भाग आहे, आणि त्याची तपासणी सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डावर व लायसन्सच्या चाचणीत नावानिशी असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

रेस सहसा एकाएकी अडकत नाही, ती आधी बरेच दिवस इशारे देते. मुठीपासून कार्बोरेटर किंवा थ्रॉटल बॉडीपर्यंत बारीक तारांचा पीळ घातलेली एक केबल जाते. मूठ पिळली की केबल तिथली झडप उघडते, सोडली की स्प्रिंग झडप बंद करते. म्हणजे उघडायला माणसाच्या मनगटाचा जोर असतो, तर बंद करायला फक्त त्या स्प्रिंगचा. वाटेत थोडेही घर्षण वाढले की हरते ती स्प्रिंगच. पावसाचे पाणी आणि वॉशिंगचा जोराचा फवारा केबलच्या तोंडातून आत शिरतो, त्यात धूळ मिसळते, गंज धरतो. केबलच्या टोकाला धातूची गोळी असते. तिच्याजवळ तार दररोज वाकते आणि तिथलाच एखादा धागा तुटून बाहेर येतो. तो धागा आवरणाच्या कडेला अडकला की मूठ अर्ध्यावर थांबते. त्याआधी मूठ जड लागणे, हलकी कुरकुर जाणवणे, सिग्नलला रेस उशिरा उतरणे ही सारी लक्षणे दिसतात. पण जड मुठीची हाताला सवय होते आणि ‘गाडी जुनी झाली’ म्हणून आपण पुढे निघतो.

हा दोष शोधायला यंत्र लागत नाही. इंजिन बंद ठेवून गाडी स्टँडवर घ्यावी, मूठ पूर्ण पिळून सोडावी. ती ठक्कन मागे आली पाहिजे, रेंगाळत नव्हे. हँडल पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवून तेच पुन्हा करावे, कारण केबल ताणली जाते किंवा मुडपते ती वळणावर. मग न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. आवाज चढला तर केबल आखूड पडते आहे किंवा चुकीच्या वाटेने नेली आहे. दोष नेमका कुठे आहे, हेही मेकॅनिकला काही मिनिटांत कळू शकते. केबल खालच्या टोकाला सोडवायची. झडप हाताने हलवल्यावर घट्ट लागली तर दोष कार्बोरेटरचा, साचलेल्या कार्बनचा किंवा स्प्रिंगचा. झडप सैल पण केबल आवरणात खरखरते, तर केबल बदला. दोन्ही ठीक असतील तर मुठीचे रबर सरकून हँडलच्या टोकाला घासते आहे का ते पाहा. प्रत्यक्षात मात्र निदान न करताच वरून थोडे ऑइल सोडले जाते. मूठ चार दिवस हलकी होते, मग त्याच ऑइलला धूळ चिकटते. तुटका धागा तर ऑइलने जुळत नाहीच. साध्या गाडीची केबल काही शे रुपयांत मिळते, तरीही ती तुटल्यावरच बदलण्याची आपली रीत आहे.

गिअरच्या गाडीवर रेस अडकली तर निदान क्लच दाबून इंजिन चाकापासून तोडता येते. स्कूटरवर तीही सोय नाही. तिथे क्लच इंजिनाच्या वेगावर आपोआप पकडतो, रेस चढलेली असेपर्यंत चाक फिरतच राहते, आणि डाव्या हाताला असतो तो ब्रेक. जुन्या कित्येक स्कूटरना किल स्विचही नाही. चावी ऑफ करणे आणि दोन्ही ब्रेक दाबणे एवढाच मार्ग उरतो, आणि तोही चालत्या गाडीवर हात खाली नेऊन. मुलांना शाळेत सोडणारे आणि भाजी आणायला निघालेले वयस्कर लोक याच गाडीवर असतात. स्कूटर ‘सोपी गाडी’ म्हणून विकली जाते, पण या एका बाबतीत ती चालवणाऱ्याच्या हाती कमी उपाय ठेवते. स्कूटरच्या केबलबाबत म्हणूनच जास्त कडक असायला हवे.

यावर पहिला आक्षेप येईल की असे अपघात होतात तरी किती? आकडे नाहीत, हे खरे. पण का नाहीत तेही पाहा. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली, त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती, आणि ७० टक्क्यांहून जास्त अपघातांच्या नावापुढे कारण लागले ते अतिवेगाचे. फिर्यादीत ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने’ असे लिहिले की वेग चालवणाऱ्याने दिला की अडकलेल्या झडपेने, हा प्रश्नच मिटतो. हँडल वाकल्यावर, केबल तुटल्यावर ती आधी कशी होती हे गाडी तपासणाऱ्या निरीक्षकालाही सांगणे कठीण. नोंदच न झालेली गोष्ट दुर्मीळ असल्याचे त्यावरून ठरवता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घाबरलेला नवशिका मूठ घट्ट आवळतो, मनगट मागे खेचले जाते, रेस आणखी वाढते आणि नंतर तो ‘रेस अडकली’ म्हणतो. असे होते, यात शंका नाही. पण हाताची चूक आणि केबलचा दोष वेगळे करायचे तर अपघाताआधीची तपासणीच कामाला येईल. शिवाय लायसन्सच्या वेळी मूठ सोडून दाखवायला लावले, तर या नवशिक्याचीही तीच तालीम होईल.

फ्युएल इंजेक्शन आल्यावर हा प्रश्न संपला असेही सांगितले जाते. २०२० मध्ये बीएस-६ लागू झाल्यावर नव्या दुचाकींवरून कार्बोरेटर जवळजवळ गेले, पण बहुतेकांची केबल तशीच राहिली. तारेऐवजी सेन्सर असलेल्या गाड्या अजून कमीच दिसतात. आणि जुन्या गाड्या रस्त्यावरून जाणार आहेत कुठे? मुंबईकराची गावच्या घरी ठेवलेली गाडी गणपतीला सुरू होते. मधले महिने कोकणची खारी हवा केबलला गंज चढवते आणि कार्बोरेटरमध्ये उडून गेलेल्या पेट्रोलचा चिकट थर उरतो. अशी गाडी किक मारून थेट घाटात नेण्याआधी मूठ तपासणे किती गरजेचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तोवर सरकारकडून तिची यांत्रिक तपासणी होत नाही. मध्ये होते ती फक्त पीयूसी, आणि तिथे धूर मोजतात. हे काम पीयूसी केंद्रांवरच सोपवा, अशी सूचना मला पटत नाही. गाडी न पाहता कागद मिळतो ही तक्रार आज जुनी आहे, तिथे आणखी एक रकाना वाढवून हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा परिवहन खात्याने लायसन्सच्या चाचणीत, आठचा आकडा काढण्याआधी, उमेदवाराला मूठ व किल स्विच तपासून दाखवायला लावावे. कंपन्यांनी जॉब कार्डावर ‘हँडल सरळ, डावीकडे व उजवीकडे असताना मूठ परत येते’ अशी ओळ छापावी आणि त्यापुढे मेकॅनिकची सही घ्यावी. आणि ग्राहकाने गाडी ताब्यात घेताना, विशेषतः हँडल, हेडलाइट किंवा टाकी खोलली असेल तेव्हा, गॅरेजच्या दारातच हँडल दोन्ही बाजूंना वळवून मूठ सोडून पाहावी. केबल चुकीच्या वाटेने बसण्याची वेळ नेमकी हीच असते, आणि ती दुरुस्त करणारा माणूसही तेव्हा समोरच उभा असतो.