बँडलीडर, साथीदार आणि सतरंज्या उचलणारे

‘ऐकलेच पाहिजेत असे जॅझ अल्बम’ अशा याद्या हल्ली आपल्या तरुण मित्रांच्या मोबाइलवर फिरत असतात. आम्हाला त्याचा आनंदच आहे. १९७२ साली दलित पँथरने ज्यांच्या संघटनेवरून आपले नाव घेतले, त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे हे संगीत. ते आपल्या पोरांनी ऐकू नये तर कोणी ऐकावे? आमचा आक्षेप यादीला नाही, ती वाचण्याच्या पद्धतीला आहे. माइल्स डेव्हिस, चार्ल्स मिंगस, आर्ट ब्लेकी ही नावे आपण तसबिरींसारखी ओळीने भिंतीवर लावतो आणि त्यांच्या शेजारी उभे राहून वाजवणाऱ्यांना विसरून जातो.

प्रत्येक यादीत वरच्या बाजूला असणारा अल्बम घ्या: ‘काइंड ऑफ ब्लू’. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये दोन दिवसांत तो रेकॉर्ड झाला. जग त्याला माइल्स डेव्हिसचा अल्बम म्हणून ओळखते. पण त्यावर वाजवणारे सात जण आहेत. जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल अ‍ॅडर्ली, बिल इव्हान्स, विन्टन केली, पॉल चेंबर्स, जिमी कॉब. यातली किती नावे आपल्याला ठाऊक होती?

जॅझच्या धंद्यातला सर्वसाधारण हिशेब असा होता: साथीदाराला रेकॉर्डिंगचे ठरलेले मानधन मिळायचे आणि तिथेच त्याचा संबंध संपायचा. पुढे रेकॉर्ड कितीही खपो, त्यातला वाटा करार ज्याच्या नावाचा त्याचा, आणि रचनेची रॉयल्टी ज्याच्या नावे रचना नोंदली त्याची. म्हणजे ‘ही धून कोणाची?’ हा प्रश्न नुसत्या मानाचा नव्हता, भाकरीचाही होता.

‘काइंड ऑफ ब्लू’वरची ‘ब्लू इन ग्रीन’ ही रचना डेव्हिसच्या नावावर आली. ती आपली आहे, असे पियानोवादक बिल इव्हान्स शेवटपर्यंत सांगत राहिला. आपण रॉयल्टीचा विषय काढला तेव्हा डेव्हिसने २५ डॉलरचा चेक लिहून दिला, असेही त्याने सांगितले आहे. अमेरिकेत या अल्बमच्या ५० लाख प्रती खपल्याचे प्रमाणपत्र आहे. हिशेब ज्याचा त्याने करावा.

इथे आपली नेहमीची मांडणी अडखळते. गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांचे संगीत लुटले, हे खरेच आहे. ड्यूक एलिंग्टनच्या कितीतरी गाण्यांवर त्याचा गोरा मॅनेजर आयर्व्हिंग मिल्स याचे नाव सहरचनाकार म्हणून चिकटलेले आहे. पण इव्हान्स गोरा होता आणि डेव्हिस कृष्णवर्णीय. ‘काइंड ऑफ ब्लू’ बाजारात आल्यानंतर काही दिवसांतच न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबबाहेर पोलिसांनी याच डेव्हिसचे डोके फोडले. म्हणजे रस्त्यावर जो पीडित, तोच स्टुडिओत मालक. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यातली एकच सांगणारा आपली फसवणूक करतो.

मिंगसचे उदाहरण तर आणखी टोचणारे आहे. लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना अडवायला सैनिक उभे करणाऱ्या गव्हर्नर फॉबसची त्याने आपल्या संगीतातून खिल्ली उडवली. १९५९ च्या ‘मिंगस आ अम’मध्ये ती रचना शब्दांविना आली, कंपनीने शब्द येऊ दिले नाहीत, शब्दांसह ती पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीसाठी रेकॉर्ड झाली. कंपन्यांच्या दाराशी उभे राहायला नको म्हणून १९५२ सालीच त्याने मॅक्स रोचबरोबर स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली होती. असा हा लढवय्या माणूस. आणि याच माणसाने १९६२ साली आपला साथीदार जिमी नेपर याच्या तोंडावर ठोसा मारून त्याचा दात तोडला. ट्रॉम्बोन वाजवणाऱ्याचे दात आणि ओठ हीच त्याची हत्यारे. नेपरच्या वादनावर त्याचा परिणाम झाला. ‘कलावंत तापट असतात’ म्हणून आपण हे सोडून द्यायचे का? कामगाराचे हात मोडणाऱ्या मालकाला आपण असे सोडतो का?

बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता समजावून सांगितली: प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी, आणि प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी. जॅझचा बँड म्हणजे जातव्यवस्था नव्हे, हे आम्ही जाणतो. कोल्ट्रेन १९६० साली डेव्हिसला सोडून गेला, स्वतःचा बँड उभा केला आणि १९६४ मध्ये ‘अ लव्ह सुप्रीम’ रेकॉर्ड केला. जातीतून असे बाहेर पडता येत नाही. पण कंपनीने बँडलीडरला दाबायचे आणि बँडलीडरने साथीदाराला, ही उतरंड आपल्याला अनोळखी नाही.

मग दुसरा मार्गच नव्हता का? होता. ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्सचा १९५८ मध्ये रेकॉर्ड झालेला ‘मोनिन’ ऐका. सहा रचना. शीर्षकरचना पियानोवादक बॉबी टिमन्सची, चार बेनी गोल्सनच्या, एक जुने लोकप्रिय गाणे. ब्लेकीची एकही नाही, आणि तरी बँड त्याचाच. पुढे वेन शॉर्टर, फ्रेडी हबर्ड असे कितीतरी जण त्याच्याकडून बाहेर पडले आणि स्वतः बँडलीडर झाले. आणि माणूस बदलू शकतो याचा पुरावा खुद्द डेव्हिसच देतो. १९६७ मध्ये रेकॉर्ड केलेल्या ‘नेफर्टिटी’त सहा रचना आहेत. तीन शॉर्टरच्या, दोन हर्बी हॅन्कॉकच्या, एक ड्रमर टोनी विल्यम्सची. शीर्षकरचनेत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन तीच धून पुन्हा पुन्हा वाजवत राहतात. खरे बोलतात ते पियानो, बास आणि ड्रम. पुढारी ठेका धरून उभा आहे आणि मागची रांग बोलते आहे!

हे सगळे लांबचे वाटत असेल तर मुंबईकडे बघा. जॅझ वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांनी हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा घडवला. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हा आपल्या सी. रामचंद्रांचा सहायक होता. १९५१ च्या ‘अलबेला’ची गाणी मराठी घराघरात पोचली. चिक चॉकलेटचे नाव किती घरांत पोचले?

आता स्वतःकडे वळू. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला. आम्ही तो भाषणात सांगतो आणि सभा संपल्यावर नेत्याच्या गाडीमागे धावतो. आमच्या चळवळीत पत्रक लिहितो एक आणि खाली नाव छापले जाते दुसऱ्याचे. वस्तीत सर्वेक्षण करतात पोरी, आणि मंचावर बसतात त्यांचे ‘मार्गदर्शक’. सतरंज्या उचलणारा वीस वर्षे सतरंज्याच उचलतो. यात आम्हीही आलो. आमच्या नावावर छापलेल्या अहवालांत साथीदारांची मेहनत आहे आणि प्रत्येक वेळी आम्ही त्यांची नावे लिहिलेली नाहीत.

म्हणून जॅझ जरूर ऐका. पण प्रत्येक अल्बमला दोन प्रश्न विचारा: वाजवले कोणी, आणि त्यांना मिळाले काय? आणि हेच दोन प्रश्न येत्या १४ एप्रिलच्या बॅनरलाही विचारा. ज्या नेत्याच्या हाताखालून दुसरा नेता तयार होत नाही, त्याचा बँड कितीही जोरात वाजो, ते संगीत मुक्तीचे नाही.

जय भीम!